बिरड्याचा रोजा

पावसाळ्यात एक दिवस असा यायचा, की शेजारच्या मावशींच्या पडवीत आम्ही दोघी-तिघी वाल सोलायला बसायचो. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले कडवे वाल. कोमट पाण्यात टाकले की साल सैल होतं. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून नुसतं दाबायचं, दाणा टुणकन उडतो. निम्म्या डाळिंब्या पातेल्यात, निम्म्या पडवीभर. मावशी ओरडायच्या, पण त्या ओरडण्यात काही दम नसायचा.

अलिबागला इस्रायल आळीच्या जवळ आमचं घर होतं. मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी. आडनावाच्या शेवटी आमच्यासारखंच ‘कर’, नेसणं नऊवारी, शिव्या अस्सल अष्टागरातल्या. श्रावणात बिरडं आमच्याकडेही व्हायचं, पण त्यांच्या बिरड्याला वेगळं नाव होतं.

“उद्या रोजा आमचा. बिरड्याचा रोजा.”

“रोजा म्हणजे?”

“उपास.”

“कसला?”

“मिकदाश पडलं ना, त्याचा.”

“मिकदाश म्हणजे काय?”

“देऊळच गं. मोठं होतं.”

मला वाटलं पावसात पडलं. दरवर्षी आमच्या आळीत एखादी भिंत पडायचीच. मी संध्याकाळी सायकलवरून जाऊन पाहूनही आले. सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर, जागच्या जागी उभं होतं. मावशींना सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, “ते नाही गं. लांबचं. फार दिवस झाले.”

फार दिवस म्हणजे एकोणीसशे वर्षं. इसवी सन ७०. रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने जेरुसलेम पाडलं आणि तिथलं मंदिर जाळलं. हिब्रू पंचांगात हा दिवस आव महिन्याची नवमी मानतात, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने आधीचं मंदिर पाडलं, तोही परंपरेने हाच दिवस धरतात. जगभरचे यहुदी त्या दिवशी जमिनीवर बसतात, अन्नपाणी घेत नाहीत. आणि आमच्या कोकणात या दोन हजार वर्षांच्या सुतकाला आदल्या रात्रीच्या जेवणावरून नाव पडलं होतं. मोठेपणी कळलं, की इतर ठिकाणी या उपासाआधी मसूर आणि उकडलेलं अंडं खातात. तालमूद या यहुदी पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात कारणही दिलं आहे: मसुरीला तोंड नसतं, तसं दुःखातल्या माणसालाही तोंड नसतं. हे वाचलं तेव्हा मला डाळिंब्या आठवल्या. मोड आलेल्या वालाला तोंड असतं. इतकं की सोलताना आधी तेच दिसतं.

त्या वालांच्या मागे लागून मी गेली काही वर्षं हे वाचते आहे. मी या विषयाची कोणी अभ्यासक नाही, हिब्रू येत नाही, भाषांतरांवर भागवते. प्रश्न एकच होता. ज्यांचं एकच देऊळ होतं आणि तेच गेलं, ते लोक दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करत असतील?

‘एकच’ हा शब्द आपल्याला नीट कळत नाही. आपल्याकडे देऊळ पडलं तर मूर्ती विहिरीत लपवतात, दुसऱ्या गावी नेतात, शंभर पावलांवर नवं बांधतात. इथे तशी सोयच नव्हती. यज्ञ जेरुसलेमच्याच वेदीवर व्हायचे. रोज सकाळी एक कोकरू, संध्याकाळी एक. वर्षातून तीन सणांना देशोदेशीचे लोक वर चढून यायचे. प्रत्येक पुरुष वर्षाला अर्धा शेकेल मंदिराला धाडायचा. पाप झालं, बाळंतपण झालं, पीक आलं, की काहीतरी घेऊन तिकडे जायचं. तोरा या धर्मग्रंथातल्या आज्ञांचा मोठा भाग त्या एका वेदीभोवती फिरणारा. वेदी गेली म्हणजे निम्मा धर्म जागच्या जागी बंद पडला. आणि रोमनांची कमाल बघा. त्यांनी ती अर्ध्या शेकेलची पट्टी बंद केली नाही, चालूच ठेवली. फक्त पैसे आता रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाला जायला लागले, आणि बायका-मुलांकडूनही घ्यायला लागले. टायटसची कमान रोममध्ये आजही उभी आहे, तिच्यावर सैनिक मंदिरातला सात फांद्यांचा दिवा खांद्यावर घेऊन मिरवताना दिसतात.

ही गोष्ट सांगताना एक सोपी मांडणी सगळीकडे वाचायला मिळते: मंदिर गेलं, रब्बी म्हणजे धर्मपंडित आले, यज्ञाच्या जागी प्रार्थना आली, झालं. असं काही झालं नाही. सिनेगॉग तर मंदिर उभं असतानाच होते. जेरुसलेममध्येच सापडलेला एक ग्रीक शिलालेख आहे. थिओडोटस नावाचा याजक त्यात सांगतो, की तोरा वाचायला, आज्ञा शिकवायला आणि परगावच्या लोकांना उतरायला ही जागा बांधली. पाण्याचीही सोय आहे. धर्मशाळाच म्हणा. आणि रब्बी म्हणजे मूठभर माणसं. त्यांचं म्हणणं सगळ्या यहुद्यांनी मानायला पुढे कित्येक शतकं जावी लागली. इसवी सन ७१ मध्ये गॅलिलीतल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, बांधतील परत. का नाही म्हणणार? पहिलं मंदिर पडल्यावर सत्तर वर्षांत दुसरं उभं राहिलं होतं. हिशेब सोपा होता.

पण त्या मूठभरांची गोष्ट मला सोडवत नाही, कारण ती तिरडीपासून सुरू होते.

जेरुसलेमला वेढा पडलेला. आत अन्न नाही, आणि लढाऊ गटांचे लोक कुणाला बाहेर जाऊ देत नाहीत. योहानान बेन झक्काई हा म्हातारा पंडित मेल्याचं सोंग घेतो. मढं शहरात रात्रभर ठेवायचं नाही असा रिवाज, म्हणून वेशीवरचे पहारेकरी प्रेतयात्रा सोडतात. खांदा देणारे दोन शिष्य: एलिएझर आणि यहोशुआ. बाहेर पडल्यावर म्हातारा उठून रोमन सेनापती वेस्पासियनपुढे, म्हणजे टायटसच्या बापापुढे, उभा राहतो, त्याला ‘सम्राट’ म्हणून हाक मारतो आणि तेवढ्यात रोमहून खरोखरच तशी बातमी येते. खूश होऊन तो म्हणतो, माग काय हवं ते. योहानान म्हणतो, याव्ने गाव आणि तिथले पंडित मला दे.

इतिहासकार या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. तिच्या तीन-चार आवृत्त्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. योहानान याव्नेला होता, एवढं खरं. पण मला गोष्टीपेक्षा तालमूदने तिला जोडलेली टीप आवडते. तिथेच, त्याच पानावर, कुणीतरी म्हणतं: शहाण्यांची बुद्धी देव फिरवतो ती अशी. अरे, याव्ने काय मागतोस? या खेपेला जेरुसलेम सोडून दे असं म्हणायचं होतं! यावर उत्तर असं, की एवढं मोठं मागितलं असतं तर थोडंही मिळालं नसतं. वाद तिथेच सोडून दिला आहे. आपल्या मूळपुरुषाच्या सगळ्यात मोठ्या निर्णयावर ‘चुकलंच बहुतेक’ असा शेरा मारून तो जपून ठेवणारे लोक मला दुसरीकडे फारसे भेटले नाहीत. हा म्हातारा मरताना रडला, असंही तालमूद सांगतं. पुढे दोन वाटा आहेत आणि मला कुठल्या वाटेने नेतील ते ठाऊक नाही, म्हणाला. त्याच्या मनात याव्नेचा तो सौदा असेल का? माझी आपली शंका.

याव्ने हे किनाऱ्याकडचं साधं गाव. तिथे पुढे जे झालं, त्याचं वर्णन ‘नव्या धर्माची स्थापना’ वगैरे वाचलं की मला हसू येतं. प्रत्यक्षात बसून बोलत काय होते? शिंग फुंकायचं की नाही. नवं वर्ष शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आलं तर एडक्याचं शिंग फक्त मंदिरात वाजायचं. आता मंदिर नाही, मग? योहानान म्हणाला, वाजवा. दुसरा गट म्हणाला, आधी चर्चा करू. हा म्हणाला, आधी वाजवून घेऊ, मग चर्चा. वाजवलं. ते म्हणाले, आता चर्चा. हा म्हणाला, याव्नेत शिंग वाजून गेलं, झाल्यावर कसली चर्चा? ग्रामपंचायतीत मुरलेल्या माणसाची चाल आहे ही. आणि या चालीने ‘फक्त मंदिरात’ होणारी एक गोष्ट बाहेर आली.

असंच एकेक. सुकोथच्या सणाला मंदिरात सात दिवस हातात खजुराची पालवी धरायचे, बाहेर एकच दिवस. योहानानने ठरवलं, आता सगळीकडे सात दिवस धरा, मंदिराच्या आठवणीसाठी. त्याच्यामागून आलेल्या गमलिएलच्या काळात अठरा आशीर्वादांची प्रार्थना मांडून झाली. पुढचे पंडित म्हणाले, सकाळ-दुपारच्या प्रार्थनेच्या वेळा त्या दोन कोकरांच्या वेळांवरून आहेत. कोकरू नाही; कोकराची वेळ आहे. वल्हांडणाला कोकरू कापायचं नाही, तर ताटात नुसतं भाजलेलं हाड ठेवायचं, आणि ज्याच्याविषयी बोलायचं ते कोकरू गैरहजर असताना रात्रभर त्याच्याविषयी बोलायचं.

इथे यहोशुआची आठवण काढलीच पाहिजे. तिरडीचा एक खांदेकरी. हा माणूस स्वतः लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेकऱ्यांच्या वंशातला, मंदिरात गाणाऱ्यांपैकी. म्हणजे ज्याची नोकरी आणि सूर दोन्ही त्या आगीत गेले. एकदा योहानानबरोबर जेरुसलेमजवळून जाताना अवशेष पाहून तो म्हणाला, जिथे आमची पापं फिटायची ती जागाच गेली. योहानान म्हणाला, दुसरी तशीच जागा आहे, दयेची कामं; होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतोच ना, मला यज्ञ नको, दया हवी. हे वाक्य प्रवचनांत फार वापरून गुळगुळीत झालेलं आहे. मला जास्त भिडते ती यहोशुआची दुसरी गोष्ट, ज्यात तोच समजूत घालणारा आहे.

मंदिर पडल्यावर बऱ्याच लोकांनी मांस आणि दारू सोडली. यहोशुआने त्यांना विचारलं, का रे बाबांनो? ते म्हणाले, मांस वेदीवर जायचं, आता जात नाही. द्राक्षारस वेदीवर ओतायचे, आता ओतत नाहीत. आम्ही कसे खाऊ-पिऊ? हा म्हणाला, मग भाकरीही सोडा, पिठाचं अर्पणही बंद झालं. ते म्हणाले, फळांवर राहू. फळंही नको, पहिल्या फळांचं अर्पणही गेलं. दुसरी फळं खाऊ. मग पाणीही पिऊ नका, सुकोथला वेदीवर पाणी ओतायचे, तेही थांबलं. ते गप्प झाले.

गप्प झाल्यावर तो जे म्हणाला ते असं: अजिबात शोक करायचा नाही हे जमणार नाही, आणि फार शोक करायचा हेही जमणार नाही. म्हणून पंडितांनी सांगितलं आहे, माणसाने घराला गिलावा करावा, आणि थोडी जागा तशीच सोडावी.

किती जागा? तेही ठरवलं आहे. एक हात लांब, एक हात रुंद. कुठे? दारासमोर. जेवण सगळं करावं, एखादा पदार्थ राहू द्यावा. बाईने सगळे दागिने घालावेत, एखादा ठेवून द्यावा.

मला वाटतं, मी शोधत होते ते हे. मंदिराची जागा दुसऱ्या कशाने भरली, असं सगळे सांगतात. या माणसांनी ती भरली नाही. त्यांनी तिचं माप घेतलं. किती हात, कुठल्या भिंतीवर, कुठल्या वेळी. बाकीच्या भिंतीला गिलावा करायची मोकळीक त्या मोजलेल्या चौकोनानेच दिली. माझे वडील गेल्यावर आईने चहात साखर घालणं सोडलं. तेवढंच. बाकी ती हसायची, भांडायची, सिरियल बघायची. तेव्हा आम्हाला ते विचित्र वाटलं होतं.

गिलाव्याशिवायचा तुकडा सोडायला आधी घर बांधायचं ठरावं लागतं, आणि ते ठरायला वेळ लागला. साठ-बासष्ट वर्षं लोक वाट बघत होते. सत्तरचा हिशेब डोक्यात होताच. इसवी सन १३२ मध्ये बार कोखबाने बंड केलं, नाण्यांवर मंदिराचं चित्र पाडलं. १३५ पर्यंत रोमनांनी ते असं चिरडलं, की याव्नेच्या बाजूचा यहुदिया प्रांत ओस पडला. जेरुसलेमचं नाव बदलून एलिया कापितोलिना झालं आणि यहुद्यांना तिथे यायला बंदी झाली. पंडितांची पुढची पिढी उत्तरेला गॅलिलीत सरकली. मला वाटतं मंदिर खऱ्या अर्थाने तेव्हा पडलं. ७० मध्ये दगड पडले, १३५ मध्ये हिशेब.

आणि यानंतर, सन २००च्या सुमारास, यहूदा हा नासी, म्हणजे यहुद्यांचा प्रमुख, मिश्ना या पंडितांच्या नियमांच्या ग्रंथाची घडण पुरी करतो. सहा खंड, ६३ प्रकरणं. उघडून बघितलं तर काय? यज्ञांचा एक अख्खा खंड. मिद्दोथ नावाचं एक प्रकरण तर नुसतं मंदिराच्या मोजमापांचं. पहिलंच वाक्य रात्रीच्या पहाऱ्याचं: तीन ठिकाणी याजक, एकवीस ठिकाणी लेवी. पहाऱ्याचा मुख्य मशाली घेऊन फिरतो. पहारेकरी उभा राहून सलाम करत नसेल तर काठीने मारतो, आणि त्याचे कपडे जाळायचीही मुभा आहे. लोक विचारतात, अंगणात आरडाओरडा कसला? उत्तर मिळतं, एका लेव्याला मार पडतोय, पहाऱ्यावर झोपला म्हणून त्याचे कपडे जाळतायत. मग एक रब्बी मध्येच सांगतो, माझ्या मामाचे असेच जाळले होते.

सव्वाशे वर्षांपूर्वी जळून गेलेल्या इमारतीविषयी हे चाललं आहे. कुणाचा तरी मामा तिथे डुलकी घेताना सापडला होता, हे विसरून चालणार नव्हतं.

एलिएझरचं, दुसऱ्या खांदेकऱ्याचं, काय झालं ते सांगते आणि मग परत अलिबागला येते. वाद एका तंदुराचा होता. हिब्रूत त्याला ‘तनूर’ म्हणतात, आपलाच शब्द. मातीची भट्टी तुकड्यांत कापून मध्ये वाळू भरली, तर तिला विटाळ लागतो की नाही? एलिएझर म्हणाला, नाही. बाकी सगळे म्हणाले, लागतो. त्याने सगळी कारणं दिली, कुणी ऐकेना. मग म्हणाला, मी बरोबर असेन तर ते झाड सांगेल. झाड उपटून शंभर हात लांब गेलं. झाडाचा पुरावा चालत नाही, म्हणाले. ओढा उलटा वाहिला. तेही चालत नाही. अभ्यासाच्या घराच्या भिंती कलल्या. यहोशुआ भिंतींवर ओरडला: पंडितांच्या भांडणात तुमचं काय काम? भिंती त्याचा मान राखून पडल्या नाहीत, आणि एलिएझरचा मान राखून सरळही झाल्या नाहीत. शेवटी आकाशवाणी झाली, एलिएझरच बरोबर आहे. यहोशुआ उभा राहिला आणि म्हणाला, “ती आकाशात नाही.” तोरा एकदा खाली दिलेली आहे, आता बहुमताने ठरेल.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक इथे टाळ्या घेऊन थांबतात. तालमूद थांबत नाही. एलिएझरला बहिष्कृत केलं गेलं. सांगायला अकिवा हा पंडित गेला, काळे कपडे घालून, चार हात लांब बसला. एलिएझरने कपडे फाडले, पायातलं काढलं आणि जमिनीवर बसून रडला. म्हणजे आव नवमीला बसतात तसाच. एकाच तिरडीचे दोन खांदेकरी. एक बरोबर आणि एकटा, दुसरा चूक असेल पण सगळ्यांबरोबर. मंदिर असताना असे वाद याजकांच्या जोरावर मिटत असतील. आता एकत्र राहायचं तर मोजायला डोकीच होती, आणि त्या मोजणीची किंमत गोष्ट लिहिणाऱ्यांना माहीत होती. त्या भिंती अजून कललेल्याच आहेत.

यातलं काही मावशींना ठाऊक होतं का? नसावं. बेने इस्रायलींची परंपरा अशी, की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या. लक्षात राहिलं ते ‘शेमा’ हे प्रार्थनेचं एक वाक्य, शनिवारची सुटी, सुंता आणि काय खायचं नाही ते. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. त्यांचं पहिलं सिनेगॉग मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. त्याआधी कित्येक पिढ्या देऊळ नाही, पोथी नाही, रब्बी नाही. होतं ते चुलीपाशी. याव्नेतल्या पंडितांनी इतका खल करून जे घरात आणलं, ते इथे नाइलाजाने घरातच राहिलेलं. मंदिर पडल्याची बातमीही कोकणात कधीतरी बाहेरून, उशिरा पोचली असणार. आणि तिच्यासाठी त्यांनी वाल भिजत घातले.

मिश्ना ज्या प्रश्नाने सुरू होते, तो असा: संध्याकाळचं शेमा कधीपासून म्हणायचं? उत्तर ‘चांदण्या दिसल्यावर’ असं सरळ देता आलं असतं. दिलेलं उत्तर आहे, याजक आपला वाटा खायला आत जातात तेव्हापासून. दिवसा स्नान करून शुद्ध झालेल्या याजकाला चांदण्या उगवेपर्यंत थांबावं लागायचं, मग तो वाटा खाता यायचा. याजकांची वेदी गेली, पाळ्या गेल्या, आणि वेळ अजून त्यांच्याच जेवणाची. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसले.

कारण शनिवारी संध्याकाळी चांदण्या मोजायचं काम माझ्याकडे असायचं. मावशींना लांबचं नीट दिसत नसे. “बघ गं, झाल्या का तीन?” मी ओट्यावरून ओरडून सांगायची आणि मग आत दिवा लागायचा, स्टोव्ह पेटायचा.

त्या रोज्याच्या संध्याकाळी आभाळ गच्च भरलेलं होतं. मावशी दिवसभर पाणीही न पिता पाटही न घेता खाली बसून होत्या. आमच्या घरातून वरणाच्या फोडणीचा वास येत होता. त्यांनी विचारलं, तशी मी अंगणात जाऊन चारी बाजूंनी मान वर करून पाहिलं, आणि येऊन सांगितलं, “एकपण नाही दिसत.”

“मग थांबू,” त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या बिरड्यावरचं झाकण सारखं केलं.